राजेंद्र नगरातला समुद्र

इंदूरला समुद्र नाही याचं अरुंधतीला कधी वाईट वाटलं नव्हतं. देवासला जन्मलेल्या आणि लग्न होऊन राजेंद्र नगरात आलेल्या बाईला समुद्र लागतोच कशाला? पण त्या डिसेंबरच्या शेवटी टीव्हीवर ती सुनामीची लाट आली, आणि तेव्हापासून अरुंधतीला घरातलं सगळं पाणी दिसायला लागलं. बादलीतलं, मोरीतल्या पिंपातलं, गच्चीवरच्या टाकीतलं. ईशा तीन वर्षांची होती, आणि त्या वयाची पोर पाणी दिसलं की पाण्याकडेच जाते, हे लाट यायच्या आधीही खरं होतं. पण आता अरुंधती बादली अर्धीच भरायची, अंघोळ होईतो ईशाचा दंड सोडायची नाही, आणि एका सकाळी तर तिने भरलेलं पिंप सरळ आडवं केलं.

नीरज बेसिनपाशी दाढी करत होता. त्याच्या पायाशी पाणी आलं.

"हे काय केलंस?"

"झाकण सैल आहे त्याचं."

"मग झाकण बदल ना! नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, अरू. लोक नळावर भांडतात इथे, नि तू पिंप ओतून देतेस?"

अरुंधतीने सांडलेलं पाणी खराट्याने मोरीत लोटलं. समाजशास्त्रात एम.ए. झालेली होती ती. आपली भीती अकारण आहे हे कळण्यापुरतं तिचं शिक्षण झालं होतं, ती घालवण्यापुरतं झालं नव्हतं.

त्याच आठवड्यात हृषीकेशचा फोन आला. हा नीरजचा कॉलेजातला मित्र, चेन्नईला नोकरीला. रजा काढून नागपट्टिणमजवळच्या एका कोळीवस्तीत मदतीला गेला होता. फोन अरुंधतीने उचलला.

"वहिनी, एक सांगतो, कपडे पाठवू नका. ट्रक येतात नि रस्त्यावर ढीग ओतून जातात, त्यांना हातही लावत नाही कोणी. इथे पाहिजे ती नाव. चार घरांत मिळून एक नाव होती, तिचे तुकडे माडांत अडकलेत. ही माणसं सकाळी उठून समुद्राकडे तोंड करून बसतात. नुसती बसतात हो."

अरुंधतीची नजर ओसरीकडे गेली. तिथे तिचे सासरे, नाना, फाटकाकडे तोंड करून बसले होते. नुसते. मिल बंद पडल्यापासून ते तसेच बसत. पूर्वी निदान पेपर हातात असायचा.

"एक नाव आमच्याकडून," अरुंधती म्हणाली. "राजेंद्र नगरातर्फे."

हे तोंडून निघालं आणि मग तिला कळलं की आपण काय बोललो. दुसऱ्या दिवशी सकाळी हृषीकेशचा पुन्हा फोन. त्याने त्या चार घरांना सांगूनही टाकलं होतं. "वहिनी, नाव बांधणाऱ्याने लाकूड धरून ठेवलंय. जानेवारीअखेर पैसे मिळाले नाहीत तर तो दुसऱ्याचं काम घेईल, त्याच्या दारात रांग आहे. पण तुम्ही आहात म्हटल्यावर काळजी नाही."

काळजी नाही, असं अरुंधतीला जन्मात पहिल्यांदाच कोणीतरी म्हणत होतं.

महिला मंडळाच्या अध्यक्षा वसुंधराकाकू. शेजारच्याच घरात राहायच्या. कॉलनीत कोणाचंही काहीही असो, वसुंधराकाकूंना सांगितल्याशिवाय ते सुरू होत नसे आणि सांगितल्यावर पुष्कळदा संपत नसे. पण या वेळी त्यांनी लगेच पदर खोचला. फरसाणाचा पत्र्याचा डबा रिकामा करून त्याला कागद चिकटवला, वर खाच पाडली आणि दोघी दारोदार निघाल्या.

राजेंद्र नगराने सल्ला भरभरून दिला. एका घरी विचारलं, रसीद आहे का? दुसऱ्या घरी, संस्था रजिस्टर्ड आहे का? तिसऱ्या घरी गृहस्थांनी बसवून घेतलं आणि भूकंप समुद्राखाली कसा होतो ते दोन बश्या घेऊन समजावून सांगितलं. देणगीचं विचारलं तेव्हा बश्या आत ठेवायला गेले ते आलेच नाहीत. बहुतेकांनी स्वेटर दिले. कपडे नकोत, तिकडे थंडी नसते, असं अरुंधती प्रत्येक दारात सांगत होती, आणि प्रत्येक दारात बाई म्हणत होती, "अगं असू दे, पहाटे लागतोच स्वेटर." संध्याकाळी डबा हलका आणि हात स्वेटरांनी भरलेले, अशी दोघी परत यायच्या.

मल्हारगंजातल्या एका कापडवाल्या शेठने दोनदा चहा पाजला. "बाई, समुंदर के किनारे घर बनाया ही क्यों उन्होंने?"

"भिया, वो मछली पकड़ते हैं."

"तो यही तो कह रहा हूँ. कुछ और कर लें."

अरुंधतीने मान खाली घालून चहा संपवला. पण जे लागलं ते दुसरंच. कॉलनीच्या मागच्या गल्लीत नानांच्याच मिलमधले एक जण राहायचे. ते दारात उभे राहून म्हणाले, "बेटा, मिलकडची आमची देणी इतकी वर्षं कोर्टात आहेत. त्याचा डबा कोणी फिरवला?" ती वळली, तर त्यांनीच हाक मारून थांबवलं आणि डब्यात एक नाणं टाकलं. त्या नाण्याचा आवाज तिला घरापर्यंत ऐकू येत होता.

घरी आल्यावर ती ओसरीच्या पायरीवर बसली. ईशा डबा कानाशी धरून खुळखुळवत होती.

"असा चंदा होत नसतो," नाना म्हणाले.

नाना आपणहून बोलले याचंच आश्चर्य वाटून अरुंधतीने वर पाहिलं.

"डबा घेऊन फिरशील तर लोक दार लावतील. लोकांना काही दिसलं पाहिजे. दिसलं की देतात. अपन झांकी काढू."

इंदुरातल्या माणसाला झांकी म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. अनंत चतुर्दशीला विसर्जनाच्या मिरवणुकीत मिलवाले आपापले देखावे गाड्यांवर चढवून काढतात. हजारो दिवे, हलते पुतळे, रात्रभर गर्दी. मिल बंद पडल्या तरी झांक्या बंद पडल्या नाहीत; कामगार स्वतः वर्गणी काढून त्या चालवत राहिले. नाना मिलच्या इंजिनिअरिंग खात्यातले. पुतळा कुठूनही येवो, त्याचा हात हलवायचा, मान फिरवायची, ते काम नानांचं.

"नाना, माणसं मेलीयेत तिकडे. त्याची झांकी?"

"मग काय, कंसवधात माणूस मरत नाही?"

अरुंधती नाही म्हणणार होती. पण नाना उठले, स्वतःच्या हातांनी चपला शोधल्या आणि फाटक उघडून बाहेर पडले. त्यांच्या मागे फाटक कितीतरी वेळ हलत होतं. ते फाटक त्यांनी शेवटचं कधी उघडलं होतं, हे तिला आठवेना. तिचा नकार तोंडातच राहिला.

अशोक भियांचं टेंट हाउस होतं आणि पुढच्या निवडणुकीत नगरसेवक व्हायची इच्छा होती. दोन्हींमुळे ते कोणत्याही कामाला नाही म्हणत नसत. त्यांनी कॉलनीच्या मैदानात स्टेज, कनाती आणि निळं साटन दिलं. लग्नाच्या मंडपाचं साटन ते, त्यावर सोनेरी टिकल्या होत्या. डेझर्ट कूलरची मोटर वसुंधराकाकूंनी दिली, उन्हाळ्यापूर्वी परत करण्याच्या बोलीवर. आणि सगळी कॉलनी समुद्र कसा असतो यावर बोलू लागली.

"निळा नसतो तो," नाना म्हणाले. "एवढी माती उचलून आणलेलं पाणी, ते मातकट असणार."

"नाना, मी रामेश्वरला जाऊन आलेय," वसुंधराकाकू म्हणाल्या. कॉलनीत समुद्र पाहिलेल्या त्या एकट्याच. "निळा म्हणजे निळा. आणि एवढा आवाज नसतो हो त्याला. भारी शांत वाटतं."

"तुम्ही गेलात तेव्हा बसला असेल शांत."

अशोक भियांच्या मते सागर म्हणजे गावाबाहेरचा यशवंत सागर तलाव, आणि त्याचा रंग हिरवा. शेवटी साटन निळंच होतं म्हणून समुद्र निळा ठरला. नाना त्या दिवशी जेवताना कोणाशी बोलले नाहीत.

परवानगीच्या ऑफिसात अरुंधती ईशाला कडेवर घेऊन गेली. टेबलामागच्या बाबूने विचारलं, "कौनसे त्योहार की झांकी?"

"त्योहार नहीं है. सुनामी की है."

"मैडम, त्योहार तो लगेगा. या धार्मिक, या राष्ट्रीय. आपकी सुनामी किसमें डालूँ?"

तिने समजावलं. त्याने ऐकून घेतलं, हळहळ व्यक्त केली, ईशाला एक लेमनगोळी दिली, जी अरुंधतीने घशात अडकेल म्हणून काढून घेतली, आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. तेवढ्यात अशोक भिया आले आणि म्हणाले, "अरे साहब, संक्रांत की है. धार्मिक. छब्बीस तक की दे दो." परवानगी मिळाली. समुद्राचा दुखवटा संक्रांतीत जमा झाला. अरुंधतीला ते बरं वाटलं नाही, पण घरी येईपर्यंत तिने स्वतःला समजावलं की कागद कागदाच्या जागी.

आता कोळी हवा होता. कोळ्याचा पुतळा इंदुरात मिळतो थोडाच? नानांनी मिलच्या जुन्या झांक्यांचं सामान पडलेल्या गोदामात जाऊन वसुदेव आणला. यमुनेच्या पुरातून बाळकृष्णाला टोपलीत घालून नेणारा तो वसुदेव. अशोक भियांच्या टेम्पोतून तो उभा आला, रस्ताभर लोक हात जोडत होते.

"मुकुट काढू, चौकड्याची लुंगी नेसवू," नाना म्हणाले. "झाला कोळी. पोराला वाचवायला निघालाय. तोच तर सीन आहे."

मुकुट निघाला. लुंगी नीरजची होती, ती नेसवली. पण टोपलीवरचा शेषनाग लोखंडी दांड्याला वेल्ड केलेला होता, तो निघेना. नानांनी फण्यावर खजुरीच्या झावळ्या बांधल्या आणि म्हणाले, हे माडाचं झाड. बाळाचा निळा रंग खरवडून तपकिरी दिला, तो थंडीने वाळेचना. बाळ बोटांना लागायचं. आणि सर्वांत अवघड झाली ती लाट. गोष्टीत यमुना चढते, टोपलीतून लोंबणाऱ्या बाळाच्या पायाला लागते आणि उतरते. वसुदेवाबरोबर आलेलं यंत्र तसंच बांधलेलं. नानांना लाट वर वर नेऊन अंगावर घालायची होती. लाट वर जायची, बाळाच्या अंगठ्याला शिवायची आणि मुकाट खाली यायची.

"कॅम बदलायला पाहिजे," लाट वरखाली करणाऱ्या लांबट चाकावर पान्हा ठोकत नाना म्हणाले. "कॅमला लेथ पाहिजे. लेथ मिलमध्ये. मिलला कुलूप."

बराच वेळ ते पान्हा हातात धरून उभे राहिले. मग लाट राहिली तशीच.

संक्रांतीच्या संध्याकाळी मैदानावर दिवे लागले. स्टेजवर फलक होता, 'एक नाव, सुनामीत सर्वस्व गेलेल्यांसाठी', आणि खाली तो डबा. अरुंधती माइकवर उभी राहिली. तिने लिहून काढलेलं भाषण पाठ केलं होतं. ती कोळीवस्तीबद्दल सांगू लागली, चार घरांबद्दल, माडांत अडकलेल्या फळ्यांबद्दल. लोक अगदी शांत ऐकत होते. तिला वाटलं, पोचतंय. आणि वारा सुटला. संक्रांतीला पतंगांना जो लागतो तोच. झावळ्या पहिल्या झोताला उडाल्या आणि शेषाचे पाचही फणे नानांच्या दिव्यांत झगमगले.

"हाथी घोड़ा पालकी," गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

"जय कन्हैयालाल की!" सगळं मैदान म्हणालं.

त्यानंतर अरुंधतीचं भाषण कोणी थांबवलं नाही. कथा सांगणाऱ्या बाईचं ऐकावं तसं ते लोकांनी भक्तिभावाने ऐकलं. ते संपल्यावर एका आजीबाईने तिच्या पायांना हात लावला आणि तिच्या मुठीत दक्षिणा कोंबली.

"माँजी, ये भगवान नहीं हैं. मछुआरा है."

"हाँ बेटी," आजीबाई म्हणाली. "उन्होंने सब रूप लिए हैं."

पुढे दररोज संध्याकाळी गर्दी वाढत गेली. शेंगदाणेवाले आले, फुगेवाले आले, एक पाळणा आला. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने नारळांचं पोतं लावलं. लोक नारळ वाहायचे, अशोक भियांची माणसं ते गोळा करून त्याच दुकानदाराला विकायची, आणि सकाळी तेच नारळ पुन्हा देवाकडे निघायचे. डोळ्याजवळ चीर असलेला एक नारळ तर अरुंधतीच्या ओळखीचाच झाला. डबा भरला, रिकामा केला, पुन्हा भरला. नावेचे पैसे झाले. नीरज म्हणाला, "अरू, यू डिड इट!" तिला मात्र रोज माइकवर उभं राहून आपण कोणाला फसवतोय की आपल्यालाच कोणी फसवतंय ते कळत नव्हतं.

आणि ती लाट. दर संध्याकाळी ती डोळ्यांसमोर चढायची आणि अरुंधतीचे हात आपोआप ईशाला शोधायचे. ईशा नानांच्या कडेवर असायची. पाणी चढताना ती श्वास धरायची, बाळाच्या पायाला लागलं की टाळी वाजवून म्हणायची, "झालं! गेलं पाणी." मग नानांच्या मानेला मिठी. मग पुन्हा श्वास.

सव्वीस तारीख तोंडावर आली तेव्हा वसुंधराकाकू मागच्या दाराने आल्या. चेहरा काही ठीक नव्हता.

"अरुंधती, एक बोलू? देवापुढचं द्रव्य आहे ते. लोकांनी कृष्णाला वाहिलंय. ते उचलून मासे धरायला नाव द्यायची, मला झोप लागत नाहीये गं."

"काकू, फलकावर लिहिलंय ना नाव म्हणून."

"फलक कोण वाचतं? मनात देव होता त्यांच्या. उद्या कोणाच्या घरात काही बरंवाईट झालं तर?"

दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर अरुंधतीने वाद घातला असता. पण 'उद्या काही झालं तर' हे वाक्य तिचं स्वतःचं होतं. ती रोज सकाळी त्याच्याबरोबर उठायची. भीतीच्या बाबतीत ती कोणाला हसू शकत नव्हती.

अशोक भियांना भीती नव्हती, कल्पना होती. "भाभीजी, मंदिर बना देते हैं यहीं. जगह निकल आई, मूर्ति आ गई, पब्लिक तो आ ही रही है. नाव का अगले साल देख लेंगे." शेवटच्या संध्याकाळी मैदानातच सर्वांना विचारून ठरवायचं, असं त्यांनी परस्पर जाहीर केलं.

सव्वीसच्या दुपारी हृषीकेशचा फोन. "वहिनी, फळ्या बसल्यात. त्या चार घरांतली एक बाई रोज येऊन बघून जाते. तिची मुलगी... जाऊ दे. पैसे उद्या निघतील ना?"

"निघतील," अरुंधती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने ईशाला इतकं घट्ट धरलं की ईशाने तिला ढकललं.

शेवटच्या संध्याकाळी मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. सांवेरकडून एक ट्रॅक्टर आला, ट्रॉलीत बायका भजन म्हणत उभ्या. त्यांच्या पुढे द्वारकाबाई नावाची एक म्हातारी, पिवळ्या लुगड्यातली. वाट काढत ती थेट स्टेजपाशी पोचली आणि बाळासमोर लोणी भरलेली एवढीशी वाटी ठेवली. अशोक भियांनी माइक घेतला. "भाइयों और बहनों, अब आप ही बताओ, कन्हैया को यहाँ से जाने दें क्या?"

"नहीं!" मैदान म्हणालं.

लाट चढली. चढत चढत बाळाच्या पायाशी आली, अंगठ्याला लागली. आणि लाइट गेली.

लाइट जाणं इंदुरात नवं नव्हतं, रोजच जायची. पण या वेळी समुद्र वरच राहिला. दोन कंदील होते ते कोणीतरी वर धरले. साटनाचा तो निळा डोंगर टोपलीच्या काठाशी तसाच थांबला होता, टिकल्या मंद चमकत होत्या. लोक वाट बघू लागले. रोज जे उतरायचं ते उतरत नव्हतं. हळूहळू बोलणं थांबलं, पाळणा थांबला. ईशा नानांच्या कडेवर श्वास धरून होती. तिने तो धरूनच ठेवला.

"अरे कोई उतारो रे," द्वारकाबाई म्हणाली. "छोरो भीजी रियो है!"

कोणी हसलं नाही.

अरुंधती पुढे झाली. माइक बंद होता. पाठ केलेलं काहीच आठवत नव्हतं.

"वहाँ नहीं उतरा, माँजी," ती म्हणाली. "वहाँ भी बच्चे थे. उनके पाँव को लगा. और पानी नहीं उतरा."

मागच्यांनी पुढच्यांना विचारलं, काय म्हणाली? ते मागे मागे पोचत गेलं. म्हातारी कंदिलाच्या उजेडात अरुंधतीकडे बघत होती, मग लाटेकडे, मग फलकाकडे, जो तिला वाचता येत नव्हता.

"यो काँई लिख्यो है?"

"एक नाव. जिनका सब चला गया, उनके लिए एक नाव."

तेवढ्यात साटन हललं. नाना ईशाला नीरजकडे देऊन समुद्रात शिरले होते. त्यांचं डोकं लाटेखाली इकडून तिकडे गेलेलं सगळ्यांना दिसलं, मग करकर आवाज आला. कूलरच्या मोटरचा पट्टा काढून ते चाक हाताने फिरवत होते. लाट एक वीत उतरली, थांबली. म्हाताऱ्या माणसाचा धाप लागलेला श्वास ऐकू आला. पुन्हा एक वीत. नीरज ईशाला अरुंधतीकडे सोपवून आत गेला, मग मागच्या गल्लीतले ते मिलवाले गृहस्थ गेले. समुद्र अगदी हळूहळू खाली बसला.

"झालं," ईशा म्हणाली. पण टाळी वाजवली नाही.

द्वारकाबाईने लोण्याची वाटी उचलली आणि डब्याशेजारी ठेवली. "भगवान के तो टोकरी घणी थी," ती म्हणाली. "वी तो निकल ग्या. नाव उनके भेजो, जिनके टोकरी नी मिली."

अशोक भियांनी मैदानाकडे पाहिलं. त्यांना माणसं मोजता यायची, अंधारातसुद्धा. "वही तो मैं कह रहा था," ते म्हणाले.

वसुंधराकाकू स्टेजपाशी आल्या. मग त्यांनी डबा उचलला, पदराने पुसला आणि अरुंधतीच्या हातात दिला. "पाठव. पण मंडळातर्फे एक सत्यनारायण घालायचा, ते मी सोडणार नाही. आणि माझी मोटर?"

मोटर लाइट जातानाच्या झटक्यात जळली होती. त्याबद्दल नानांची आणि त्यांची जी बोलणी झाली ती रंगपंचमीपर्यंत चालली. स्वेटर कोणी परत घेईना. शेवटी तेही पोत्यात भरून हृषीकेशकडे गेले, क्षमा मागणाऱ्या चिठ्ठीसकट.

फाल्गुनात एक पाकीट आलं. आत फोटो. वाळूवर नाव उभी, तिच्या टोकावर एक पोरगा बसलेला, रणरणत्या उन्हात अंगात राजेंद्र नगरातला लाल स्वेटर, आणि तो काढायला सांगितलं तर रडतो, असं मागे हृषीकेशने लिहिलेलं. एक बाई नावेच्या काठावर हात ठेवून उभी होती. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. अरुंधतीने फोटो जपून धरला आणि पुष्कळ वेळ त्या बाईच्या हाताकडेच पाहत राहिली.

नानांनी चष्मा लावला. त्यांनी नाव पाहिली, पोर पाहिलं, मग बोट मागच्या पाण्यावर ठेवलं.

"मातकट," ते म्हणाले. "वसुंधराबाईंना दाखवून आण." आणि चपला घालून मागच्या गल्लीत गेले. यंदाच्या अनंत चतुर्दशीची बैठक होती.

त्या दिवशी नळाचा दिवस होता. अरुंधतीने पिंप लावलं, आणि अर्ध्यावर नळ बंद करायला हात गेला तो तिने मागे घेतला. पिंप काठोकाठ भरलं. ईशा येऊन उभी राहिली. अरुंधतीने तिला दोन्ही हातांनी काखेत धरून वर उचललं आणि पिंपावर धरलं. ईशाने पाय लांब केला, अंगठा पाण्याला टेकवला, आणि श्वास धरून वाट पाहू लागली.

पाणी होतं तिथेच राहिलं. ईशाने वळून आईकडे पाहिलं.

अरुंधतीने तिला एका हाताने छातीशी घेतलं, दुसऱ्या हाताने खुंटीवरचा तांब्या काढला, आणि पिंपात बुडवून एक तांब्या पाणी बाहेर काढलं.

"झालं," ईशा म्हणाली. "गेलं पाणी."